खाट कोणाची, प्रार्थना कोणाची?

पेण-रोहा पट्ट्यात एखाद्या घरातला पोरगा दारू, गांजा किंवा एमडीत अडकला की नातेवाईक दोन वाटा सुचवतात. एक बुवाची. दुसरी दबक्या आवाजात: 'फादरकडे नेऊन ठेवा.' लगेच कोणीतरी म्हणतो, तिथे पोराला बाटवतात. जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत काम करणाऱ्या घरांपासून आमच्या बौद्धवाड्यांपर्यंत हे बोलणे आम्ही ऐकत आलो आहोत.

'बाटवणे' हा शब्द आम्हाला तरी जपून वापरायला हवा. 1927 मध्ये याच जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा) महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आमच्या स्पर्शाने बाटले म्हणून पंचगव्य ओतून 'शुद्ध' केले गेले. त्या शब्दाने आम्ही दुसऱ्या कोणाची परीक्षा घ्यायची नाही. पण परीक्षा घ्यायचीच नाही, असेही नव्हे. ती वेगळ्या मापाने घ्यावी लागेल.

आधी इतिहास पाहू. निराधार, 'बिघडलेल्या' माणसाला घरात ठेवायचे, काम द्यायचे, प्रार्थनेला बसवायचे, ही पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. साल्व्हेशन आर्मी 1882 मध्ये मुंबईत उतरली. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातल्या मुली-बायकांना केडगावला आणले आणि तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. ज्यांना दारात कोणी उभे करत नव्हते त्यांना तिथे अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळाले. ही गोष्ट आम्ही मान खाली घालून नव्हे, मोकळेपणाने कबूल करतो.

पण त्याच काळाची दुसरी बाजू आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जातींवर जन्मतःच गुन्ह्याचा शिक्का मारला. 1911 च्या कायद्यानंतर त्यांना डांबण्यासाठी वसाहती वाढल्या आणि त्यातल्या काही सरकारने मिशनऱ्यांच्या हाती सोपवल्या. साल्व्हेशन आर्मी त्यात पुढे होती. सोलापूरच्या सेटलमेंटशी अमेरिकन मराठी मिशनचे नाव जोडलेले आहे. पारधी, कैकाडी, बेरड अशी माणसे तारेच्या कुंपणात, हजेरी देत, 'सुधारत' होती. कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला. केडगावलाही छप्पर होते, सोलापूरलाही होते. सोलापूरच्या माणसाला मात्र कुंपणाबाहेर पडायची परवानगी मागावी लागे. व्यसनमुक्तीच्या कोणत्याही निवासी केंद्राकडे आम्ही याच नजरेने पाहतो. भिंतीवर क्रूस आहे की गणपती की बुद्ध, हा नंतरचा प्रश्न. दाराची कडी कोणत्या बाजूने आहे, हा पहिला.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ब्राऊन शुगर पसरली आणि 'गर्दुल्ला' ही शिवी मराठीत आली. पोलिसांना तो गुन्हेगार होता, शेजाऱ्यांना चोर होता, घरच्यांना मेलेला होता. त्याला आजारी म्हणणारे थोडे निघाले. 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. पुढे वसईतही त्यांचे निवासी केंद्र झाले. परेरा कॅथलिक धर्मगुरू, स्वतः दारूतून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे योगशिष्य. त्यांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1986 मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण उभे केले, ते धर्माशिवाय. तरी ए.ए.ची पद्धत तिथेही आहेच, आणि 1935 मध्ये अमेरिकेत जन्मलेली ही ए.ए. स्वतः ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून निघालेली. म्हणजे आज निधर्मी केंद्रात बसून 'आपल्याहून मोठ्या शक्ती'विषयी बोलणारा पोरगाही थोडासा चर्चच्याच बाकावर बसलेला असतो.

दुसरा प्रवाह उघड प्रचारकी आहे. डेव्हिड विल्करसन या पाद्र्याने 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या पोरांमध्ये काम सुरू केले, त्यातून टीन चॅलेंज झाले. त्याच नावाची बॉम्बे टीन चॅलेंज 1990 पासून मुंबईच्या रेड लाइट वस्त्यांत आहे. या प्रवाहात दीर्घ मुक्काम, बायबल, प्रार्थना आणि श्रम यांतूनच माणूस बदलतो असा विश्वास आहे. इथे आमचा मतभेद स्पष्ट आहे. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. त्याला आधी डॉक्टर लागतो. हेरॉइन सोडलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येऊन त्याने जुनाच डोस घेतला तर तो मरू शकतो. अशांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत. औषध म्हणजे श्रद्धेची कमतरता, असे कोणी सांगत असेल तर तो पाद्री असो वा बुवा, आम्हाला एकच.

कायदाही आता स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि मादक द्रव्यांच्या अतिवापराशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. साखळीने बांधणे बेकायदा आहे, धर्म आणि जातीवरून उपचारात भेद करता येत नाही, स्वतःहून दाखल झालेल्याला बाहेर पडायचा हक्क आहे. त्यामुळे प्रार्थनेला न बसणाऱ्या पोराचे जेवण तोडणे हा धर्मप्रचार नव्हे, छळ आहे. आणि पोराने शुद्धीवर राहून, मोकळ्या दारात, ख्रिस्त स्वीकारला तर तो त्याचा हक्क आहे. 1935 ला येवल्यात धर्म बदलण्याची घोषणा करणाऱ्या माणसाचे आम्ही अनुयायी. धर्मांतराच्या नावाने कपाळाला आठ्या घालणे आम्हाला शोभत नाही. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय दिले आणि चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातीवर बोटही ठेवले. दोन्ही एकाच लेखणीने.

खरी अडचण आमच्या अंगणात आहे. पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे शील आमची मुले पाठ म्हणतात. पण ते मोडलेल्याचे काय करायचे, याची व्यवस्था आम्ही केली नाही. जयंतीच्या मिरवणुकीत झिंगलेल्या पोराला बाजूला ओढतो, फोटोत येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोण जातो? ख्रिस्ती संस्थेतला माणूस जातो, हा आमचा अनुभव आहे. मग पोरगा त्याचे ऐकतो यात त्याचा काय दोष?

केंद्र उभारायला जमीन, डॉक्टर, पैसा लागतो, हे खरे. ते होईल तेव्हा होईल. परतलेल्या पोराला आधी लागते ती दर आठवड्याची बैठक, जिथे तो 'या आठवड्यात हात थरथरला' हे न लाजता सांगू शकेल. ए.ए.च्या बैठकीला फी नसते. एक खोली पुरते, सतरंजी चालते. आमच्या भागात विहारे गावोगावी आहेत. रविवारची वंदना झाली की त्यांना आठवडाभर कुलूप असते आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी.