गारपीट आणि छपराचा हिशेब

३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद शहरावर आणि आसपासच्या गावांवर जी गारपीट झाली, तिच्यात २४६ माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली हवामानजन्य मृत्यूंचे जागतिक उच्चांक निश्चित केले, तेव्हा गारपिटीच्या रकान्यात याच वादळाची नोंद झाली. गारा हंसाच्या अंड्याएवढ्या, संत्र्याएवढ्या, तर काही क्रिकेटच्या चेंडूएवढ्या होत्या, असे वर्णन आहे. (ही शेवटची उपमा कोणाला सुचली असेल, ते वाचकांनी ताडावे.) नदीकाठाने चाललेली लग्नाची वऱ्हाडे उघड्यावर सापडून संपली. पोलिसांच्या अहवालात मेलेली गुरे, शेळ्या व मेंढ्या मिळून १,६०० मोजली गेली. एवढा संहार होऊनही खरा विध्वंस शहराभोवतीच्या सहा-सात मैलांतच झाला होता.

या वादळाचा जो वृत्तांत वारंवार उद्धृत होतो, तो वाचताना एक गोष्ट मला खटकली. सिव्हिल स्टेशनमधील बंगल्यांच्या काचा फुटल्या, व्हरांडे उडाले, छपराचा मोठा भाग आत कोसळला, भक्कम पक्की पोर्च जमीनदोस्त झाली, हे सारे त्यात आहे. (ही करणी वाऱ्याची आणि गारांची मिळून होती.) साहेबांच्या वस्तीतील एकही घर धड राहिले नाही, हेही आहे. गावांतील घरांच्या छपरांविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही. माझ्या मते याचे कारण निव्वळ बेपर्वाई नव्हे. त्या काळच्या महसुली व्यवस्थेत गारपीट, टोळधाड, पूर या ‘स्थानिक आपत्ती’ होत्या आणि त्यांचा विचार मुख्यतः शेतसाऱ्याच्या सुटीपुरता होई. सारा पिकावर अवलंबून होता, छपरावर नव्हे. ज्यावर उत्पन्न नाही, त्याचा पंचनामा तरी सरकार कशासाठी करणार?

वास्तविक गारेचा पहिला घाव छपरावरच बसतो. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. पडण्याचा वेगही वाढतो, आणि आघाताची ऊर्जा सुमारे सोळापट होते. लिंबाएवढ्या गारेला दाद न देणारे कौल तिच्या दुप्पट गारेपुढे टिकत नाही ते यामुळे. गंमत अशी की, गवताने जाड शाकारलेले गरिबाचे छप्पर हा मार पुष्कळसे पचवते. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर जी कौले देशभर प्रतिष्ठेची ठरली, ती पावसाला उत्तम, पण गारेला ठिसूळ. सिमेंटच्या पत्र्याचेही तेच. लोखंडी पत्रा सहसा पोचे पडून निभावतो, पण तो पातळ व गंजका असेल तर तेही नाही. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस वरच्या आसामात दिब्रुगड, चराईदेव, शिवसागर, तिनसुकिया या जिल्ह्यांत चार हजारांवर घरांचे नुकसान झाले, तेव्हा कित्येक छपरांची अक्षरशः चाळण झाली होती.

स्वातंत्र्योत्तर काळात दृष्टी बदलली हे मान्य केले पाहिजे. २००० ते २००५ या काळातील आपत्ती निवारण निधीच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग व पूर यांच्या पंक्तीला गारपीट होती. (हिंदी परिपत्रकांत तिला ‘ओलावृष्टि’ म्हणतात, ‘ओला दुष्काळ’ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा शब्द उगाचच भिजलेला वाटतो.) घरांनाही मदत मिळू लागली. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये होते; अंशतः नुकसानीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,००० रुपये, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर.

अडचण या टक्क्यांत आहे. हे निकष पूर आणि भूकंप यांना शोभतात, कारण तेथे भिंती जातात. गारपिटीत भिंती शाबूत राहतात; त्यामुळे घर ‘अंशतः’ या सदरात पडते, आणि निम्मी कौले फुटली तरी ते घराचे किती टक्के, हे लेखपालाच्या किंवा तलाठ्याच्या नजरेवर ठरते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेसे वाटते. मातीच्या भिंती कुटुंब बहुधा स्वतःच्या श्रमाने उभारते. माती, पाणी, शेण यांना फारसा पैसा पडत नाही. कौले आणि पत्रे मात्र रोख पैसे मोजून, पुष्कळदा कर्ज काढून आणावे लागतात. क्षेत्रफळाच्या मापाने छप्पर घराचा एक भाग असेल, पण रोख गुंतवणुकीच्या मापाने कच्च्या घरात तेच जवळजवळ सारे घर असते.

त्यात हंगामाचीही भर पडते. उत्तर भारतात गारा बहुधा फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पडतात, म्हणजे रब्बी एकतर शेतात उभी असते किंवा नुकतीच घरात आलेली असते. उभ्या पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांवर गेले तर त्याला स्वतंत्र निकष आहे. तोच गहू पोत्यांत भरून फुटक्या कौलांखाली भिजला, तर तो पिकाच्या रकान्यात बसत नाही, आणि घराच्या रकान्यात भिंती शाबूत असतात.