सोळा आणे पीक आणि शाळेतली सरासरी

"अपूर्णांक शिकून पुढे उपयोग काय?" हा प्रश्न शाळेत कुणी विचारला नाही? उत्तर आपल्याच पीकपाण्याच्या इतिहासात आहे, मंडळी.

पंतोजींच्या शाळेत नुसते पाढे पुरत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनची) सगळं तोंडपाठ हवं. सातची पाऊणकी? सव्वापाच! कारण व्यवहारच तसा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. पीकसुद्धा त्याच मापात सांगायचे. भरघोस आलं तर सोळा आणे, निम्मं आलं तर आठ आणे. महसूल खात्यात याला नाव पडलं आणेवारी. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, रुपयाचे 100 पैसे झाले आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आणे म्हणजे 50 पैसे.

आता गणित बघा. गावातल्या शेतांत छोटे प्लॉट आखायचे, कापणी करून उत्पन्न मोजायचं, सरासरी काढायची आणि तिला प्रमाण उत्पन्नाने भागायचं. उत्तर 50 पैशांच्या आत आलं, की टंचाईच्या सवलतींचा रस्ता उघडतो: जमीन महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ वगैरे. म्हणजे चक्क एक इफ-एल्स!

घोडेगावजवळच्या शिनोलीसारखं एखादं भाताचं गाव घ्या. आकडे माझे, फक्त उदाहरणापुरते. हेक्टरी प्रमाण उत्पन्न 20 क्विंटल. पाच प्लॉटचं उत्पन्न 4, 6, 8, 12 आणि विहिरीजवळच्या एकाचं 25. बेरीज 55, सरासरी 11, पैसेवारी 55. गाव सुखरूप, सवलत नाही! पण मधला आकडा, म्हणजे मध्यक, 8 आहे. त्याने मोजलं तर 40 पैसे. पाचातल्या तिघांचं पीक आठ आण्यांच्या खाली, आणि विहीरवाल्या एकामुळे ते कागदावर दिसतच नाही. सरासरी चुकलेली नाही हं, प्रश्न चुकीचा विचारला गेला.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रं असे निर्देशांक आले. चांगलंच झालं. पण सरासरी आणि मध्यक यांतला फरक शिकवताना गुरुजींनी क्रिकेटच्या धावांऐवजी एकदा पैसेवारी फळ्यावर मांडावी. "उपयोग काय?" असं मग मागच्या बाकावरूनही कुणी विचारणार नाही.