कोड न लिहिणाऱ्यांचा अधिकार

मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरला हातभार लावणे हे पुण्या-बंगळुरूच्या अभियंत्यांचे काम. विंचूरसारख्या गावातल्या पोरांनी त्या वाटेला जाऊ नये, असे मत चांगले शिकलेले लोकही बोलून दाखवतात. मला ते मान्य नाही. पण त्यामागची कारणे पोकळ नाहीत, म्हणून आधी तीच मांडतो.

एक तर अशा प्रकल्पांचा व्यवहार इंग्रजीत चालतो आणि बरेचसे काम प्रोग्रामिंगचे असते. शिवाय लिनक्सच्या गाभ्यातले बहुतेक बदल आज कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. मग गावातल्या मुलाने फुकट राबून त्याच कंपन्यांची तुंबडी का भरावी? यातली तथ्ये खरी आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे.

विंचूरला लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. समजा, तिथे कांदा आणणाऱ्या शेतकऱ्यांची यादी संगणकावर अकारविल्हे लावायची आहे. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल-नंतर आणि व-च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो आणि क्ष, ज्ञ त्याच्याही मागून. नुसते संकेतांक पाहून यादी लावली, तर काळे कासारांच्या आधी जातात. मराठीचा खरा क्रम युनिकोडच्या सीएलडीआर या खुल्या भांडारात नोंदलेला आहे; प्रत्येक सॉफ्टवेअर तो वापरतेच असे नाही. ही चूक कोणाच्या डोळ्यांना खुपेल? मराठी शब्दकोश कधी न उघडलेल्या निष्णात प्रोग्रामरच्या, की मुलांकडून वर्णमाला घोटून घेणाऱ्या शिक्षिकेच्या?

ॲ या अक्षराचे पाहा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ-वर चंद्र देऊन काम भागवत, आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले 'ॲड.' पडद्यावर सारखेच दिसते, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. वकिलाच्या कचेरीतला टंकलेखक या दोषाशी रोज झगडतो. तो दुरुस्त करायला प्रोग्रामर लागेल, हे कबूल. पण दोष आहे हे त्या प्रोग्रामरला सांगणार कोण? कोणते सॉफ्टवेअर, कितवी आवृत्ती, काय टाइप केले, काय दिसले, काय दिसायला हवे होते, एवढे लिहून सोबत पडद्याचे चित्र जोडले की नोंद पुरी होते. त्याला दहावीचे इंग्रजी पुरते. ही नोंद म्हणजेच योगदान.

आता फुकट राबण्याचा मुद्दा. ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष २०१४ मध्ये उघडकीस आला, तेव्हा जगभरच्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या ते सॉफ्टवेअर मूठभर माणसे सांभाळत होती. अशा माणसांना कंपन्यांनी मोबदला द्यावा, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण त्यावरून, आपण केलेले काम कंपनीच्या घशात जाते, असे सिद्ध होते का? २०१० मध्ये ऑरेकलने सन ही कंपनी घेतली आणि ओपनऑफिस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ऑरेकलच्या हाती गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात अनेक योगदानकर्ते बाहेर पडले आणि तोच कोड घेऊन त्यांनी लिबरऑफिस उभे केले. परवान्याने तो हक्क दिलेला होता. मालक बदलला, श्रम वाया गेले नाहीत. याउलट जुन्या खासगी फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर आठवा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या फायली उघडल्या की अगम्य चिन्हे दिसतात. फुकट गेलेले श्रम ते.

वाचकांनी निवाडा जरूर करावा. त्याआधी आपल्या वापरातल्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, भाषा मराठी निवडून, काळे आणि कासार ही दोन नावे क्रमाने लावून पाहावीत. काळे आधी आले, तर त्या प्रकल्पाच्या दोषनोंदीत ते आजच लिहून कळवावे.