वाफेची वहिवाट

स्वयंपाकघरातील धुराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण त्याचा उपद्रव दाराशी आलेल्या पाहुण्यालाही जाणवतो. परंतु भाताच्या आधणातून, वेळलेल्या भाताच्या पेजेतून आणि आमटीच्या उकळीतून उठून वाशांना व फडताळांना बिलगणारी, मिठाला पाणी सोडायला लावणारी आणि पापडांना बुरशी आणणारी वाफ ही केवळ त्या खोलीत आयुष्य काढणाऱ्या स्त्रीचीच चिंता असल्यामुळे तिचा इतिहास कोणत्याही दफ्तरात नोंदला गेला नाही.

जुन्या कोकणी घराने या वाफेची तजवीज आपल्या बांधणीतच करून ठेवली होती. नळीच्या कौलांच्या असंख्य फटींतून ती बाहेर पडे; मातीच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन उरलेली ओल शोषून घेत व हवा कोरडी झाली की परत सोडून देत; आणि दिवसभर धगधगणारी चूल, तिच्या शेजारच्या वैलासह, छपराचे लाकूड ऐन श्रावणातही सुके राखी. ओल हटविण्याचे हे श्रेय ज्या चुलीला जाते, तिच्याच धुराने घरच्या बायकांचे डोळे आणि छाती पोखरली, हे मात्र विसरता येत नाही.

तथापि वाफेला वाट देण्यापेक्षा ती भांड्यातच अडविणे ही अधिक सूक्ष्म विद्या होय, आणि ती आपल्याकडे सर्वस्वी गृहिणींच्या हाती वाढली. फोडणीत भाजी परतून पातेल्यावर खोलगट ताटली ठेवायची आणि तीत पेलाभर पाणी ओतायचे, ही रीत आजही घरोघर चालू आहे. त्या पाण्यामुळे ताटलीची खालची बाजू निवलेली राहते, वर आलेली वाफ तेथेच थिजून थेंबाथेंबाने भाजीवर परतते, आणि दरम्यान ताटलीतले पाणी तापून भाजीत घालण्याजोगे होते. शिवाय ते आटू लागले की आच मोठी झाल्याचे झाकण न उचलता कळते. थंड पाण्याला उकळी आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सहापटींहून अधिक त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, हे ज्यांना कोणी शिकविले नव्हते त्यांनी सरपणाचा जमाखर्च इतक्या चोखपणे सांभाळावा, याचे मला मनःपूर्वक कौतुक वाटते.

वाफ पूर्णपणे कोंडण्याचे धाडस फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने 1679 साली लंडनमध्ये केले. त्याच्या स्क्रूने आवळलेल्या भांड्यात हाडेसुद्धा मऊ होत, आणि अनावर दाब सोडून देण्यासाठी त्याने त्यावर जी झडप बसविली, तिचीच वंशज आजच्या कुकरवर आहे.

आपल्या शहरांना या यंत्राची निकड भासली ती घरे बदलल्यामुळे. मुंबईच्या चाळीतील एका खोलीत निजणे, जेवणे आणि रांधणे एकत्र आले. पुढे सिमेंटच्या गिलाव्यावर तैलरंग चढला, आणि मातीप्रमाणे ओल पोटात न घेणाऱ्या त्या भिंतींवरून पावसाळ्यात पाण्याचे ओघळ वाहू लागले. 1959 मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांचे कुकर देशात तयार होऊ लागले, तेव्हा सुमारे 120 अंशांवर डाळ अल्पावकाशात शिजू लागली, एका भांड्यात भात, वरण आणि बटाटे उरकू लागले, आणि तासन्‌तास उघड्या पातेल्यांतून निघणारी वाफ चार-पाच शिट्यांपुरती उरली. इंधनाच्या व वेळेच्या बचतीचे गोडवे त्या काळी सर्वांनी गायिले. भिंती कोरड्या राहिल्या, हा लाभ माझ्या मते त्याहून उणा नव्हता.

उकडीच्या मोदकांनी मात्र हा अंमल कधीच मानला नाही. तांदळाच्या पिठीची ती नाजूक पारी दाबाखाली टिकत नाही, तिला मोकळी वाहती वाफच हवी. म्हणून मोदकपात्र बाजूला सारून कुकर वापरणाऱ्या घरातही गणेशचतुर्थीला त्याची शिटी काढून ठेवतात, चाळणीत हळदीची किंवा केळीची पाने अंथरतात, आणि भाद्रपदाच्या त्या दमट सकाळी खिडक्या सताड उघडून सारी वाफ घरभर हिंडू देतात.