करवतीची नांगी कशी झाली?

संतवाङ्मयात कीटक-भृंगीचा दृष्टांत वारंवार येतो. कुंभारीण माशी अळी पकडून मातीच्या घरट्यात कोंडते आणि काही दिवसांनी त्यातून नवी कुंभारीण बाहेर पडते. ध्यास घेऊन अळीच भृंगी झाली, अशी समजूत त्यातून रूढ झाली. प्रत्यक्षात माशीने घरट्यात अंडे घातलेले असते आणि नांगी मारून लुळी केलेली अळी हा तिच्या पिल्लाचा शिधा असतो. पण ही नांगी आली कोठून?

त्यासाठी पाने खाणाऱ्या एका अळीकडे वळावे लागते. मुळा-मोहरीची पाने कुरतडणारी काळी अळी पतंगाची वाटते. पण पतंगाच्या अळीला पोटाखाली फार तर पाच जोड्या पाय असतात, हिला आठ. ही करवतमाशीची अळी. या माशीला बारीक कंबर नाही, डंखही नाही. मादीच्या पोटाच्या टोकाशी दातेरी पाते असते. त्याने पान चिरून ती अंडी घालते. तरीही गांधीलमाशी, मधमाशी आणि मुंगी यांच्याच गणात ती मोडते. लिनियसने १७५८ मध्ये पडद्यासारख्या पंखांवरून हा गण बांधला.

आपल्याकडे या गणाच्या अभ्यासाला मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे बळ मिळाले. तिच्या नियतकालिकात वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी १८९२ मध्ये मुंग्यांवर लिहिले. पुढे सी. टी. बिंगहॅम यांनी १८९७ च्या ग्रंथात गांधीलमाश्या व मधमाश्या आणि १९०३ च्या ग्रंथात मुंग्या वर्णिल्या. त्या काळी पंखांच्या शिरा, मिशा, कंबर पाहून जाती ओळखत. ओळख पटे, पण कोण कोणापासून निघाले हे नुसत्या रूपावरून ठरवणे अवघड होते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७३ कीटकजातींची ३,२५६ जनुके ताडून पाहिली गेली. त्यानुसार या गणाच्या शाखा सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी फुटू लागल्या. आरंभीच्या माश्या वनस्पतींवर जगत. पुढे एका शाखेतील माद्या लाकडातल्या दुसऱ्या किड्यांच्या अळ्यांवर अंडी घालू लागल्या. त्यांच्या जवळच्या वंशात कंबर बारीक झाली, पोट हवे तसे वळवता येऊ लागले. अंडी घालायचे तेच अवजार काही वंशांत विष टोचणारी नांगी बनले. म्हणूनच नर कधी डंख मारत नाही.

म्हणजे करवतमाश्या हे एक स्वतंत्र घराणे नव्हे. बारीक कंबरेची शाखा वेगळी काढल्यावर मागे उरलेल्या अनेक घराण्यांना मिळून आपण ते नाव दिले आहे. मुंगी गांधीलमाशीपेक्षा मधमाशीच्या अधिक जवळची. आणि मधमाशी म्हणजे शिकार सोडून परागांकडे वळलेल्या माशीचीच लेक. उंबरात शिरून परागीकरण करणारी इवली माशीही याच मोठ्या कुळातली.

अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांत गांधीलमाशीचे पोळे दिसले की ते जाळण्याची घाई होते. वावरण्याच्या वाटेवर असेल तर ते हलवावे लागते, हे खरे. पण आडबाजूच्या पोळ्यातली माशी आसपासच्या झाडांवरच्या अळ्या टिपून पिल्लांना भरवत असते.

एका घरट्यात अळीची माशी होत नाही. पण कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात, पाने कुरतडणाऱ्यांच्याच वंशात शिकारी जन्मले.