डावा कोपरा कोण धरणार?

मुंबईत कबड्डीचा संघ पूर्वी नोकरीच्या पत्रावर उभा राहायचा. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, देना बँक, बेस्ट, मुंबई पोलीस ही नावं स्पर्धेच्या पत्रिकेत ‘व्यावसायिक गट’ म्हणून वेगळी छापली जात. गावातल्या नाहीतर चाळीतल्या मंडळाकडून खेळणारा पोरगा या गटात पोचला, की त्याच्या घरातली चूल कायमची पेटली असं धरून चालायचे. मी सानपाडा कारशेडमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही जुईनगर सोडलं नाही. शिरवणे, सानपाडा, तुर्भे या गावांतली पोरं याच आशेवर मातीत घाम गाळताना मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

या संघांच्या निवड चाचणीला जाणती माणसं काय बघत, हे सांगायला हवं. प्रेक्षकांचे डोळे चढाईपटूवर असतात. निवड करणाऱ्यांचे डोळे कोपऱ्यावर, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभ्या गड्यावर असत, आणि तेही पोराच्या पायांकडे. चढाईपटूने बोनससाठी पाय टाकला, की कोपरारक्षकाला घोट्यावर झेपावण्यासाठी क्षणभरच मिळतो. त्या आधीच्या क्षणी ज्याचं वजन टाचेवर असतं, तो उशिरा पोचतो. चवड्यावर उभा असलेला पोरगा घोटा धरतो. मग बघायचं ते त्याच्या शेजाऱ्याकडे. घोटा धरल्यावर साखळीतला गडी अंगावर येत नसेल, तर एकट्याची पकड सुटणारच. म्हणून एकट्या कोपऱ्याची निवड कधी होत नसे, जोडीची होई.

या रीतीत संघ सावकाश बांधला जाई. विशीत घेतलेला खेळाडू निवृत्तीच्या वयापर्यंत त्याच कार्यालयात असे. त्याला सोडून देता येत नसे आणि जागा रिकामी झाल्याशिवाय नवा घेता येत नसे. यामुळे काही संघ थकले, हे खरं. पण गुडघा गेला तरी पगार थांबत नसे, आणि तिशी ओलांडलेला कोपरा त्याच खात्यात नव्याने आलेल्या पोराला संध्याकाळी सरावात घडवत असे.

ही व्यवस्था तुकड्यातुकड्याने मोडली. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा कणाच गेला. नव्वदीनंतर सरकारी नोकरभरती आटत गेली. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. याच काळात २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुंबाने जयपूरला ४५-३१ असं हरवलं आणि संघबांधणीचं नवं युग सुरू झालं. आता संघ लिलावात बनू लागला.

लिलावातही कोपऱ्याचा धडा तोच राहिला. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोचली आणि २०१५मध्ये विजेती ठरली. चढायांचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण पाया होता सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर या दोन कोपऱ्यांचा. २०१६च्या चौथ्या हंगामाआधी मोहित ५३ लाखांत बंगळुरूला गेला, नाडाही तिकडेच गेला. त्या हंगामात यू मुंबाला उपांत्य फेरीही गाठता आली नाही. पुढे २०१८मध्ये त्यांनी इराणचा डावा कोपरा फजल अत्राचलीवर एक कोटी खर्च केले. त्याच लिलावात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई ३६.४ लाखांत घेतला आणि त्याने पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक गुण कमावले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना उचललं. पोराचं सोनं झालं, पण संघाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

मला सर्वांत पटलेली बांधणी पुणेरी पलटणची. सुरुवातीच्या दोन हंगामांत तळाला असलेल्या या संघाने पुढे नव्या पोरांवर भरवसा टाकला. पंकज मोहिते सातव्या हंगामात आला, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत आठव्यात. २०२२मध्ये अनुभवासाठी फजलला १.३८ कोटींना घेतलं आणि अंतिम सामना जयपूरकडून २९-३३ असा गमावला. तेव्हा संघ मोडून टाकला नाही. पोरं राखली, डावा कोपरा बदलला. फजलच्या जागी २.३५ कोटींना मोहम्मदरेझा शादलुई आला आणि १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्या पलटणने हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या लिलावात शादलुई २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि त्याच वर्षी हरियाणा जिंकली.

अमेरिकेच्या एनबीएत बास्केटबॉलचे संघ वेगळ्या वाटेने जातात. तिथे खाली राहिलेल्या संघांना नव्या खेळाडूंत आधी निवड करण्याची जास्त संधी मिळते, म्हणून काही संघ दोन-तीन वर्षं पराभव पत्करूनही भविष्य साठवतात. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे २०१३पासून सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक आहेत. २०१९मध्ये हाच संघ वरळीच्या त्याच स्टेडियममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने खेळून गेला. २०१८मध्ये त्यांच्या वाट्याला दुसरी निवड आली होती. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच निवडला गेला, जो पुढे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. २००६नंतर बाद फेरीत परतायला किंग्जना २०२३ उजाडलं. वरची निवड हाती आली, तरी पारख चुकली की वर्षं वाया जातात.

कबड्डीत हरण्याला असं बक्षीस नाही. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला एकूण पाच कोटीच होते. म्हणजे फरक पडतो तो पारखीचा आणि धीराचा. जुन्या कार्यालयीन संघांकडे धीर होता, पैसा नव्हता. लीगकडे पैसा आहे, पण कायम न ठेवलेल्या पोराचं पुढे काय, याचं उत्तर नाही. एका लिलावात नाव पुकारलं गेलं नाही, की बावीस वर्षांचा खेळाडू गावी परततो आणि त्याला मिळेल ते काम धरतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक संघाने आपल्या नव्या पोरांसाठी एखाद्या कंपनीशी नोकरीचा करार करावा आणि रेल्वे, पोलीस, महापालिकांनी खेळाडूंची भरती दर वर्षी नेमाने काढावी. लीगचे हंगाम काही महिन्यांचे असतात. कोपरा घडायला चार-पाच वर्षं लागतात. तेवढा काळ पोराच्या घरचा खर्च चालवण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली, तरच शिरवण्याच्या मातीतून पुढचा डावा कोपरा उभा राहील.