ल तेओरेम द्यु पेरॉके (कादंबरी)

ल तेओरेम द्यु पेरॉके (अर्थ: पोपटाचे प्रमेय) ही फ्रेंच लेखक व गणितेतिहासकार दनी गेज यांची १९९८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आहे. पॅरिसच्या सय प्रकाशनसंस्थेने ती प्रकाशित केली. एका गणितज्ञाचा गूढ मृत्यू, स्मृती गमावलेला बोलका पोपट आणि त्याच्या मागावर असलेली सिसिलीतील गुन्हेगारी टोळी अशा विनोदी रहस्यकथेच्या चौकटीत लेखकाने थेलीजपासून ऑयलरपर्यंतचा गणिताचा इतिहास सांगितला आहे. फ्रँक विन यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती फ्रान्सबाहेरही वाचली गेली.

लेखक

दनी गेज (१९४०–२०१०) यांचा जन्म अल्जीरियातील सेतिफ येथे झाला. पॅरिस-८ विद्यापीठात ते विज्ञानाच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. अध्यापनाबरोबर चित्रपट आणि वृत्तपत्रीय लेखन या क्षेत्रांतही त्यांचा वावर होता. लिबेरासियों या दैनिकात त्यांनी गणितविषयक स्तंभ लिहिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर हे माप ठरवण्यासाठी झालेल्या याम्योत्तर मोजणीवर त्यांची ‘ला मेरिदिएन’ ही कादंबरी आहे, तर पृथ्वीचा परीघ मोजणाऱ्या एराटोस्थेनीसवर ‘ले शव्हो द बेरेनीस’ ही आहे. गणिताला माणसांची गोष्ट असते आणि ती सांगितल्यावाचून गणित पुरते समजत नाही, ही त्यांच्या लेखनामागची धारणा होती.

कथानक

(या विभागात कादंबरीचा शेवट उघड केलेला आहे.)

पॅरिसच्या मोंमार्त्र भागात प्येर रुश या वृद्ध, चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या गृहस्थाचे पुस्तकांचे दुकान आहे. दुकान सांभाळणारी पेरेत, तिची जोनातां व लेआ ही जुळी मुले आणि माक्स हा दत्तक घेतलेला कर्णबधिर मुलगा असे हे विजोड कुटुंब एकाच छपराखाली राहते. जुन्या बाजारात दोन माणसे एका पोपटाला पकडू पाहत असताना माक्स त्याची सुटका करतो आणि त्याला घरी आणतो. झटापटीत डोक्याला मार बसल्याने पोपटाची स्मृती गेलेली असते. त्याचे नाव नोफ्युतुर, म्हणजे ‘भविष्य नाही’ या इंग्रजी घोषणेचे फ्रेंच रूप, असे ठेवले जाते.

त्याच सुमारास रुश यांना ब्राझीलमधील मानाउस येथून एल्गार ग्रोरूव्र या जुन्या मित्राचे पत्र येते. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात राहून, सगळेच स्वच्छ नसलेल्या व्यवहारांतून मिळवलेल्या पैशावर त्याने गणितग्रंथांचा दुर्मीळ संग्रह उभा केलेला असतो, आणि तो संपूर्ण संग्रह तो रुश यांच्याकडे पाठवत असतो. ग्रंथ येतात, पाठोपाठ ग्रोरूव्र आगीत मरण पावल्याचे कळते. फर्माचे अंतिम प्रमेय आणि गोल्डबाखची अटकळ या दोहोंची सिद्धता आपल्याला सापडली आहे, ती हवी असणाऱ्यांना आपण ती देणार नाही आणि आपल्या एका विश्वासू सोबत्याजवळ ती ठेवलेली आहे, असे त्याने लिहिलेले असते.

हा अपघात, आत्महत्या की खून? गणितात एखादे विधान शक्यतांची विभागणी करून तपासतात, त्याच पद्धतीने हे कुटुंब तपास सुरू करते. पत्रातील सूचक उल्लेख उलगडण्यासाठी रुश मुलांना गणिताचा इतिहास शिकवू लागतात. शेवटी माक्स आणि पोपट टोळीच्या हाती पडतात व कथा सिसिलीतील सिराक्यूज या आर्किमिडीजच्या नगरीत पोहोचते. टोळीचा म्होरक्या दोन ओत्ताव्हियो हा रुश व ग्रोरूव्र यांच्या विद्यार्थिदशेतील ओळखीचाच निघतो. विश्वासू सोबती म्हणजे पोपट, हेही स्पष्ट होते. पोपट मात्र त्याच्यापुढे काहीच बोलत नाही. अखेर अ‍ॅमेझॉनच्या जंगलात परतल्यावर तो त्या सिद्धता भोवती जमलेल्या पक्ष्यांना ऐकवतो.

गणिताचा इतिहास

कादंबरीतील धडे वर्गात होत नाहीत. ते दुकानात, घरात आणि पॅरिसमधील ठिकाणी होतात. थेलीजने पिरॅमिडची उंची सावलीवरून कशी मोजली, हे लूव्र संग्रहालयासमोरील काचेच्या पिरॅमिडच्या साक्षीने समजावले जाते. माणसाची सावली ज्या क्षणी त्याच्या उंचीइतकी होते, त्या क्षणी पिरॅमिडच्या मध्यबिंदूपासून सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर पिरॅमिडच्या उंचीइतके असते. मध्यबिंदू दगडांच्या आत असल्याने, सावली योग्य दिशेला पडली असता, बाहेर दिसणाऱ्या सावलीत पायाच्या बाजूचा निम्मा भाग मिळवावा लागतो.

वर्तुळाचे चौरसीकरण, कोनाचे त्रिभाजन आणि घनाचे द्विगुणन या तीन प्राचीन ग्रीक समस्यांना कादंबरीत मोठे स्थान आहे. केवळ कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून त्या सुटू शकत नाहीत, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. शेवटच्या दोन समस्यांचा निकाल १८३७ मध्ये वांझेल यांनी लावला, तर पहिलीचा १८८२ मध्ये लिंडेमान यांनी.

अरब-इराणी परंपरेवरील भागात भारतीय अंक व शून्य यांचा बगदादपर्यंतचा प्रवास, अल्-ख्वारिज्मी आणि उमर खय्याम यांचा परिचय होतो. माधव जूलियन यांच्या अनुवादामुळे मराठी वाचक खय्यामला रुबायांचा कवी म्हणून ओळखतो. शंकुच्छेदांच्या साहाय्याने घन समीकरणे सोडवणारा गणिती खय्याम या पुस्तकात भेटतो.

गुपित आणि मालकी

सिद्धता शोधणाऱ्याची की सर्वांची, हा कादंबरीचा मध्यवर्ती प्रश्न आहे. दोन ओत्ताव्हियो याला गणितात गती नाही. जगात इतर कोणाकडे नाही अशी वस्तू आपल्याकडे असावी, एवढीच त्याची हाव आहे. पण सिद्धता लपवण्यात त्याचा मित्रही त्याच्याहून फारसा वेगळा नाही, हे वाचकाच्या हळूहळू लक्षात येते.

या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे. सोळाव्या शतकात शिपिओने देल फेर्रो याने घन समीकरणाच्या एका प्रकाराची उकल जन्मभर गुप्त ठेवली आणि ती शिष्य फिओर याला सांगितली. १५३५ च्या जाहीर स्पर्धेत तार्तालियाने ती स्वतंत्रपणे शोधून फिओरचा पराभव केला. १५३९ मध्ये गुप्ततेचे वचन घेऊन त्याने ती कार्दानो याला पद्यरूपात सांगितली. देल फेर्रोला ती आधीच सापडली होती हे कळल्यावर कार्दानोने १५४५ मध्ये ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात ती, दोघांनाही श्रेय देऊन, छापली. तार्तालियाला हा विश्वासघात वाटला. बीजगणिताची प्रगती मात्र या प्रकाशनामुळेच झाली.

फर्माची गोष्ट याच जातीची. दोनपेक्षा मोठ्या कोणत्याही घाताच्या बाबतीत दोन पूर्णांकांच्या घातांची बेरीज तिसऱ्या पूर्णांकाच्या त्याच घाताइतकी होत नाही, याची सुंदर सिद्धता आपल्याकडे आहे पण समासात जागा नाही, असे त्याने एका पुस्तकात नोंदवले. अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली. तपासणीत तिच्यात उणीव आढळली; रिचर्ड टेलर यांच्या साहाय्याने ती दूर होऊन १९९५ मध्ये सिद्धता प्रसिद्ध झाली. सिद्धता इतरांनी तपासल्यावरच सिद्धता ठरते, हे या घटनेने दाखवले. ग्रोरूव्रच्या सिद्धता कोणीच तपासलेल्या नाहीत. त्यामुळे त्या बरोबर होत्या काय, हे कादंबरी संपल्यावरही अनुत्तरित राहते. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही १७४२ मधील गोल्डबाखची अटकळ आजही सिद्ध झालेली नाही.

शैली

कादंबरीतील विनोद मुख्यतः विसंगतीतून येतो. ज्याला ऐकू येत नाही अशा मुलाची आणि ज्याला काही आठवत नाही अशा पोपटाची दोस्ती जमते. तरुणपणी अस्तित्वावर लिहिणारे रुश आणि शून्यावर लिहिणारा ग्रोरूव्र यांना सार्त्रच्या ग्रंथावरून ‘अस्तित्व आणि शून्यता’ असे टोपणनाव पडलेले असते. पोपटपंची म्हणजे न समजता केलेले पाठांतर. येथे जगातील दोन अवघड सिद्धता त्याच पोपटपंचीच्या स्वाधीन आहेत, ही लेखकाची सर्वांत मोठी थट्टा होय. विद्यार्थ्यांसाठी तिच्यात एक इशाराही आहे: पोपटाला सिद्धता पाठ आहे, पण ती समजलेली नाही.

गणिताच्या विवेचनामुळे कथेची गती अनेक ठिकाणी मंदावते, आणि रहस्यकथेच्या अपेक्षेने पुस्तक उघडणाऱ्यास ही प्रकरणे लांबलेली वाटू शकतात. तत्त्वज्ञानाचा इतिहास कथेतून सांगणाऱ्या योस्टाइन गॉर्डर यांच्या ‘सोफीज वर्ल्ड’ या कादंबरीशी तिची तुलना केली जाते. गोल्डबाखच्या अटकळीभोवती रचलेली अपोस्टोलोस डॉक्सिआडिस यांची ‘अंकल पेट्रोस अँड गोल्डबाख्स कंजेक्चर’ ही याच विषयाची दुसरी परिचित कादंबरी आहे. तीत टोळी नाही, एका गणितज्ञाचा आयुष्यभराचा ध्यास आहे.